मागं नंबर

बिराजदार सर शिकवता शिकवता एकदम थांबायचे, खडू टेबलावर ठेवायचे, हात शर्टाला पुसायचे आणि वर्गाचं दार उघडायला जायचे. दाराबाहेर कुणीच नसायचं. तरी ते अदबीने एक पाऊल मागे सरायचे आणि म्हणायचे, "या, रेनॉल्ड्सराव! लई दिवसांनी. या, बसा." टेबलाशेजारी एक लोखंडी खुर्ची कायम रिकामी असे. ती रुमालाने झटकून ते आमच्याकडे वळायचे आणि डोळे मोठे करायचे. "पाहुणे आल्यात. उभं राहायची पद्धत न्हाई का तुमच्या घरी?"

मग खच्चून भरलेला अख्खा वर्ग बाकं करकरवत, हसू दाबत, एका रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण चुकून भलत्याच वर्गात आलो. लातूरला मी भौतिकशास्त्र शिकायला आले होते. एसटीतून उतरल्यापासून जिथे बघावं तिथे मोठाले फलक, त्यांवर गुण मिळवलेल्या मुलामुलींचे हसरे चेहरे, आणि क्लासच्या इमारतींमधून मोहोळ उठल्यासारखी बाहेर पडणारी पोरं. एक सूत्र, एक युक्ती, एक पर्याय, चला पुढचा प्रश्न, अशी त्या गावाची चाल होती. आणि हा बुटका, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टाचा, खिशावर शाईचा डाग मिरवणारा माणूस हवेला खुर्ची देत होता.

सरांचं म्हणणं साधं होतं. ज्या अंकाला, ज्या परिणामाला, ज्या नियमाला माणसाचं नाव आहे, त्या माणसाची ओळख झाल्याशिवाय त्याचं सूत्र फळ्यावर लिहायचं नाही. "सूत्र म्हंजी त्या माणसाचं शेवटचं वाक्य," ते म्हणायचे. "शेवटचं वाक्य पाठ करून काय करता? आधी पहिलं वाक्य ऐका. आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच असतंय, पोरांनो. बर्नुली असो, मॅग्नस असो, कुणी असो. पहिलं वाक्य, 'आयला, हे काय झालं?'"

रेनॉल्ड्सराव आले त्या दिवशी सर घरून बादली, काचेची लांब नळी आणि शाई भरलेली इंजेक्शनची सिरिंज घेऊन आले होते. नळीतून पाणी सोडलं आणि मधोमध शाईची एक बारीक धार सोडली. ती धार सुतासारखी सरळ निघाली. सर कमरेत वाकून, नाक नळीला लावून बघत होते. "बघा, बघा, कशी चाललीय शहाण्यासारखी! आता मी तोटी जरा मोकळी करतो. अजून सरळ. अजून... अजून... गेली! गेली कामातून!" धार थरथरली, तिला गाठी पडल्या आणि बघता बघता सगळी नळी निळी झाली. सरांनी टाळी वाजवली. हे त्यांनी कित्येक वर्षं, कित्येक तुकड्यांना दाखवलं असेल. तरी त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू आज पहिल्यांदाच झालं आणि उद्या होईल याची खात्री नाही. त्यानंतर त्यांनी खुर्चीकडे बघून विचारलं, "लिहू का आता, रेनॉल्ड्सराव?" आणि मगच फळ्यावर सूत्र लिहिलं.

डॉप्लरसाहेब मात्र दारातून येत नसत. त्यांच्यासाठी सर रस्त्याकडची खिडकी उघडायचे, आणि जाणाऱ्या ट्रकच्या भोंग्यातून ते येईपर्यंत आम्ही सगळे कान टवकारून बसायचो. भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू आला, की सर हात जोडायचे. "आले, भेटले, गेले. कामाचा माणूस हाय, बसत न्हाई."

सरांचं गाव निलंग्याच्या पलीकडे, सीमेला चिकटलेलं. घरात कानडी, दारात मराठी. वर्गात ते मराठी बोलायचे, पण एखाद्याचं उत्तर मनापासून पटलं की त्यांच्या तोंडून आईची भाषा निसटायची: "हौदु!" हौदु म्हणजे हो, बरोबर. पण आमच्यासाठी तो शब्द साध्या 'बरोबर'पेक्षा खूप मोठा होता. पुस्तकातलं उत्तर दिलं तर "ठीक" मिळायचं. स्वतःच्या डोक्यातून आलेलं उत्तर असेल तरच "हौदु". चाचणीतल्या गुणांवर पोरं जितकी भांडायची नाहीत, तितकी कुणाला किती हौदु मिळाले यावर भांडायची.

त्यांच्या घरी एकदा आम्ही काही जणी शंका विचारायला गेलो होतो. काकूंनी चहा दिला आणि सरांच्या देखतच म्हणाल्या, "ह्यांच्या घरात पाहुणे लई येतात गं पोरींनो. पण एक बी जेवत न्हाई. तेवढं एक बरं हाय." सर कपाच्या आडून हसत होते.

त्यांच्यात दोष नव्हते असं मी म्हणणार नाही. त्यांचा अभ्यासक्रम वेळेत कधीच संपला नाही. घाईची पोरं त्यांची तुकडी सोडून जायची. क्लासचे संचालक दर आठवड्याला त्यांना बोलावून घ्यायचे आणि बाहेर येताना सरांची मान खाली असायची. अक्षर इतकं वाईट, की फळ्यावर त्यांनी काय लिहिलं हे त्यांनाच कधी कधी आम्हाला विचारावं लागे. मॅग्नसच्या दिवशी तर ते सगळी तुकडी घेऊन गच्चीवर गेले. एक व्हॉलीबॉल त्यांनी नुसता खाली सोडला. तो सरळ खाली पडला. दुसऱ्यांदा त्यांनी सोडताना त्याला दोन्ही हातांनी जोरात गिरकी दिली. तो बॉल पडता पडता हवेत वळला, वळत वळत रस्त्यापर्यंत गेला आणि थेट चहाच्या टपरीवर, उकळत्या पातेल्याशेजारी आदळला.

टपरीवाला कमरेवर हात ठेवून वर बघत ओरडला, "कोण हाय रे त्यो? कुणी टाकला?"

वरून पन्नास तोंडं एकदम ओरडली, "मॅग्नस!"

"कोणत्या गावचा?"

सरांनी कठड्यावरून वाकून सांगितलं, "बर्लिनचा! तुमच्याकडं पाठवतो, एक चहा द्या त्यांना!"

"आधी बॉलनं सांडलेल्या चहाचे पैसे द्या म्हणावं!" तो म्हणाला. पण संध्याकाळी सर टपरीवर गेले तेव्हा त्याने विचारलंच, "सर, पण त्यो वळला कसा?" सरांचा तिथे तासभर गेला. टपरीवाल्याचाही.

या सगळ्यात मी कुठे होते? शेवटच्या बाकावर, दाराजवळ.

माझं गाव लोहा तालुक्यातलं. दहावीपर्यंत मराठी शाळा. घरची शेती, सोयाबीन आणि हळद. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लातूरला पाठवताना एकच सांगितलं होतं: "दिवाळीपर्यंत बघ, माय. जमलं तर शीक तुला शिकायचं तेवढं. न्हाई जमलं तर तसं सांग, मी येऊन नेतो. कुढत बसायचं न्हाई." परत जायचं म्हणजे विज्ञान सुटणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गावाजवळच्या कॉलेजात कला शाखाच होती, आणि त्यानंतर घरात कशाची बोलणी सुरू झाली असती तेही माहीत होतं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या दिवाळीवर टांगलेलं होतं, आणि मी वर्गात तोंड उघडत नव्हते. इंग्रजी शब्द कानावरून गाड्यांसारखे जायचे. चाचणीत माझा नंबर मागचा, बाकही मागचं.

त्या दिवशी सर हवेतून जाणाऱ्या वस्तूंबद्दल बोलत होते. पुस्तकात एका ओळीत उरकलेला एक अंक होता. पोरं त्याला 'मॅच नंबर' म्हणत होती. सर वैतागले. "मॅच नव्हे रे, क्रिकेट हाय का? माणसाचं नाव हाय ते. माख! ख खडूचा. माख नंबर. उद्या येणार हायत ते. तोवर विचार करून या, हा नंबर कशाचा असंल."

मागच्या बाकावर, पंख्याच्या घरघरीत, मला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, सर म्हणाले, 'मागं नंबर'. एवढ्या इंग्रजी शब्दांत एक तरी आपल्याकडचा शब्द आला, याचा मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळभर, मेसमध्ये जेवताना, कपडे धुताना त्याचाच विचार केला. मागं नंबर. मागं काय राहत असेल? आणि मला उत्तर सापडलं! आमच्या रानात दूरच्या बांधावर कुणी लाकूड तोडत असलं की कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि ठक् असा आवाज नंतर येतो. आवाज मागं राहतो. दुसऱ्या दिवशी सरांनी "कशाचा नंबर?" असं विचारल्यावर, लातूरला आल्यापासून पहिल्यांदा, मी हात वर केला.

"सर, मागं नंबर म्हंजी आवाज किती मागं राहिला त्याचा नंबर."

मग कुणीतरी म्हणालं, "मागं?" आणि सगळा वर्ग फुटला. पोरं बाकावर हात आपटून हसत होती. "मागं नंबर! म्हणूनच मागं बसती!" "निकालात बी मागंच हाय की!" सर खडू हातात धरून नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "पुन्हा म्हणा." मला पुन्हा म्हणता आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि सर फळा न पुसता, कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेले. त्या दिवशी दारही उघडलं नाही, खुर्चीही झटकली नाही.

संध्याकाळपर्यंत मी हॉस्टेलभर 'मागं नंबर' झाले होते. "ए मागं नंबर, बादली दे गं!" मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, मला न्यायला या."

"काय झालं, माय? रडायलीस का?"

"न्हाई. मला जमंना."

थोडा वेळ फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला. अण्णा रानात असावेत. मग म्हणाले, "बरं. परवा येतो."

तो परवा उजाडला. माझी बॅग हॉस्टेलवर बांधून तयार होती. अण्णा दुपारी थेट क्लासवरच येणार होते. मी शेवटचा तास म्हणून जाऊन बसले. सर वर्गात आले तेव्हा त्यांच्या गळ्यात एक लांबलचक, नवाकोरा आसूड होता. गंजगोलाईच्या बाजारातून आणला होता म्हणे. पोरं कुजबुजू लागली. सरांनी कुणाकडे बघितलं नाही. खडू ठेवला, हात पुसले, आणि थेट दाराकडे गेले. "आज माखराव येणार," असं म्हणून त्यांनी दार सताड उघडलं.

आणि दारात खरंच माणूस उभा होता.

डोक्याला टोपी, हातात पिशवी, पायांत धुळीने भरलेल्या चपला. दार वाजवायला वर केलेला हात तसाच हवेत. माझे अण्णा.

सगळा वर्ग, सवयीने, खाडकन उभा राहिला.

अण्णांनी मागे वळून बघितलं, कुणी मोठा माणूस तर आला नाही ना. मागे कुणी नव्हतं. त्यांनी टोपी सरळ केली. सर पण पुतळा झाले होते, पण त्यांचा तो एकच क्षण. दुसऱ्या क्षणी ते एक पाऊल मागे सरले आणि मान झुकवून म्हणाले, "या. बसा."

"मी कदम," अण्णा चाचरत म्हणाले. "सुवर्णीचा बाप. पोरीला न्यायला आलतो. पोरं कामून उठली?"

"तुमच्यासाठी उठली. बसा, ही खुर्ची तुमचीच हाय." आणि सरांनी ती लोखंडी खुर्ची, ज्या खुर्चीवर आजवर जगातल्या मोठमोठ्या माणसांशिवाय कुणी बसलं नव्हतं, रुमालाने झटकून पुढे केली. अण्णा अंग चोरून तिच्यावर टेकले, पिशवी मांडीवर.

"कदमबाई," सर म्हणाले. "परवाचं वाक्य वडलांसमोर म्हणा."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली, म्हण. मी म्हटलं, कसंबसं, "मागं नंबर म्हंजी आवाज किती मागं राहिला त्याचा नंबर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि त्या हसण्याच्या वर सरांचा आवाज गेला. तसला आवाज मी त्यांचा पुन्हा कधी ऐकला नाही.

"हौदु!"

हसणाऱ्याने तोंडावर हात दाबला.

"परवा मी काहीच बोललो न्हाई," सर म्हणाले, "कारण मलाच ऐकू आलं नव्हतं. घरी गेलो. जेवताना भाकरीचा तुकडा हातात, आणि एकदम ऐकू आलं. ही पोरगी म्हणाली काय? आयला, हे काय झालं? जेवण राहिलं बाजूला. इतकी वर्षं मी 'माख नंबर' शिकवत आलो, वेग भागिले आवाजाचा वेग. पोरं लिहून घेत्यात. पण तो नंबर सांगतो काय? एकच्या खाली असला तर आवाज पुढं, माणूस मागं. गाडी येतीय हे आधी ऐकू येतं, मग गाडी येती. आणि नंबर एकच्या वर गेला, की माणूस पुढं आणि आवाज मागं! आधी विमान जातं, आणि ते गेल्यावर मग त्याचा आवाज येतो. आवाज पुढं का मागं? एवढंच हाय ते. एवढंच! कदमबाईंनी नाव चुकीचं ऐकलं आणि माणूस बरोबर ओळखला."

मग त्यांनी गळ्यातला आसूड काढला. आसूडाचा फटकारा का वाजतो, हे त्यांना दाखवायचं होतं. त्याचं टोक, ते बारीक टोक, आवाजाच्या पुढे पळतं, म्हणून वाजतं. सगळ्यांना मागे सारून त्यांनी हात फिरवला. आसूड त्यांच्याच कानाभोवती गुंडाळला गेला. पुन्हा फिरवला. यावेळी चष्मा उडाला. पोरं हसून लोळायला लागली, सरही हसत कान चोळत होते. तेवढ्यात खुर्चीवरून अण्णांचा आवाज आला.

"सर, तसं न्हाई. आधी मनगट मागं घ्यायचं."

"मागं?" सर ओरडलेच. "ऐकलंत का रे? मागं! या, तुम्हीच या!"

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. आसूड हातात तोलला. एकदा माझ्याकडे बघितलं, थोडं लाजून. आणि मग दारातून बाहेर, मोकळ्या व्हरांड्यात जाऊन त्यांनी जो फटकारा मारला, त्याने अख्ख्या इमारतीतले तास थांबले. दारं उघडली, खिडक्यांतून तोंडं बाहेर आली. संचालक जिना चढून धावत आले. "सर, काय फुटलं?"

"काही न्हाई साहेब," सर म्हणाले, "आवाज मागं राहिला."

त्यानंतरचं बोलणं व्हरांड्यात झालं. मी शेजारी उभी होते.

"म्हंजी, सर," अण्णांनी विचारलं, "पोरगी पास झाली का?"

"पास व्हायला लई येळ हाय अजून. आत्ताच्या गुणांवर तर नापासच हाय." सर जराही लपवत नव्हते. "पण अण्णा, हिला ऐकू येतं. हितं शेकड्यानं पोरं येत्यात, त्यांना पाठ होतं. ऐकू येत न्हाई. ऐकू येणाऱ्या पोरीला घरी नेऊ नका."

अण्णा बराच वेळ आसूडाचं टोक बोटांत फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय, माय?"

मी म्हटलं, "राहते."

"हाव, ऱ्हा," ते म्हणाले. पिशवीतले धपाटे आणि चटणीची बाटली माझ्या हातात दिली, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि आलेल्या पावली एसटी स्टँडकडे निघाले. माझी बांधलेली बॅग मी संध्याकाळी पुन्हा सोडली. नाव 'मागं नंबर'च राहिलं, पण बादली मागताना पोरी आता पुढे 'प्लीज' लावायच्या.

मी त्या गावात शिकले, पुढे नांदेडला शिकले, आणि आता नांदेडलाच एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बिराजदार सर एकदा नांदेडला आले होते तेव्हा माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. मी घामाघूम. तास संपल्यावर म्हणाले, "शिकवता चांगलं. पण आवाज तिसऱ्या बाकापाशी खाली पडतोय. पुढच्यांना वेचून घ्यावा लागतोय." मग हळूच विचारलं, "दार उघडता का कधी?"

"नाही, सर. मला लाज वाटते. पोरं हसतील."

"हसतील की. मला काय कमी हसले? उघडत जावा, कदमबाई. पाहुणे बाहेर ताटकळत्यात."

मी हो म्हटलं आणि उघडलं नाही. माझा स्वभावच तसा. पुस्तकात मान घालून बसणारी मी. रिकाम्या दारापुढे झुकायला जी छाती लागते, ती मला नव्हती.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की सर, तुमच्या नावाने कुठे काही असावं असं नाही वाटत तुम्हाला? एखादा परिणाम, एखादा अंक? ते खळखळून हसले. "हाय की! आमच्या गावात नदीच्या वाटेवर एक खड्डा हाय, त्याला बिराजदाराचा खड्डा म्हणत्यात. माझा आजा पडला होता त्यात. एका घराण्याला एवढं नाव पुष्कळ झालं."

निवृत्त झाल्यावर ते त्याच गावी गेले. तिथून त्यांचे निरोप यायचे, लिहिलेले नाहीत, बोललेले. टाइप करायचा त्यांना कंटाळा. मोबाइलवर त्यांचा आवाज यायचा, मागे कोंबडा, काकूंची हाक, कुणाचा तरी ट्रॅक्टर. "कदमबाई, आज तळ्याच्या पाण्यात बदक पोहत होतं, त्याच्या मागं लाटांची पाचर कशी सुटती ते नीट बघितलं का कधी?" "कदमबाई, पत्रावळ उलटी करून उडवली तर..." प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक प्रश्न. मी विचार करून उत्तर पाठवायची, आणि मग एक शब्दाचा निरोप यायचा. तो कधी "ठीक" असे, कधी दुसरा. दुसरा आला की पस्तिशीला आलेली मी स्टाफरूममध्ये एकटीच हसायची.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होते. आमच्याकडे अजूनही मोबाइलला नेट धड येत नाही. सकाळी अण्णांच्या साध्या फोनवर काकूंच्या भावाचा फोन आला. सर पहाटे गेले. हृदय. झोपेतच.

अण्णा आत जाऊन टोपी घालून आले. आम्ही दोघं लोह्याला येऊन अहमदपूरची एसटी पकडली. खिडकीशी मी, शेजारी अण्णा, मधल्या दांडीला धरून उभी असलेली गर्दी. वाटेत कुठेतरी मोबाइलला रेंज आली आणि पर्समध्ये फोन थरथरला. एकदा, दोनदा, बऱ्याचदा. सगळ्यात वर सरांचं नाव होतं.

मी निरोपावरची वेळ बघितली. मग कळलं, तो निरोप आदल्या संध्याकाळचा होता. त्यांनी पाठवला होता, आणि माझ्यापर्यंत पोचायला त्याला रेंज मिळाली नव्हती.

मी फोन कानाला लावला. आधी नुसता वारा, रानातला, जोराचा. आणि त्या वाऱ्यात एक बारीक, लांब, गुंजणारा सूर. मग सर. धापा टाकत, पण आनंदाने फुटायला आलेले.

"कदमबाई! ऐका, ऐका! ऐकू येतंय का? विजेची तार हाय, आमच्या मळ्यावरून गेलेली. गातीय! अहो, आयुष्यभर हिच्या खालून गेलो आणि आज थांबलो. वारा वाढला की सूर चढतोय, बघा. आता, आता चढला! हे श्ट्राउहालरावांचं काम हाय. त्यांनी हेच ऐकलं होतं, तारेचं गाणं, आणि त्यांच्या नावानं नंबर हाय. आणि कार्मानसाहेब बी आल्यात सोबत, ह्याच कामातला दुसरा माणूस. दोघांना बसायला हितं खुर्ची न्हाई, बांधावरच बसलेत." मग हसू. मग पुन्हा वारा आणि तो सूर, बराच वेळ, जणू मला नीट ऐकू यावा म्हणून फोन वर धरला असावा. आणि शेवटी, "सांगा आता. वारा तर गात न्हाई. तार बी हलताना दिसत न्हाई. मग गातंय कोण?"

अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "कोण हाय?"

मी फोन त्यांच्या कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. संपल्यावर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मागं राहिला की गं आवाज."

सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं. नवी तुकडी, नवी पोरं, पहिल्या आठवड्यात तोंडओळखच चालू होती. त्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा स्टाफरूममधली एक खुर्ची सोबत घेऊन गेले. ती टेबलाशेजारी ठेवली. खडू खाली ठेवला. मी दारापाशी गेले आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं, लांब व्हरांडा आणि ऊन. मी एक पाऊल मागे सरले.

"या, सर," मी म्हटलं. "या, बसा."

मागे एक दोघं हसली. मी वळून म्हटलं, "पाहुणे आलेत. उभं राहायची पद्धत नाही का तुमच्या घरी?" आणि माझा आवाज, मला स्वतःलाच नवल वाटलं, शेवटच्या बाकाच्या मागे असलेल्या भिंतीवर जाऊन आपटला. बाकं करकरली. सगळी उभी राहिली.

मी फोन खुर्चीवर ठेवला आणि निरोप सुरू केला. वारा, तारेचा सूर, सरांची धाप, त्यांचं हसू. पोरं आधी एकमेकांकडे बघत होती, मग खुर्चीकडे बघू लागली, मग पुढे वाकली. "मग गातंय कोण?" सरांनी विचारलं आणि निरोप संपला.

मग डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकावरून एका मुलीने हात अर्धवट वर केला. अर्धापूरकडची होती, केळीच्या बागेतली, हे नंतर कळलं. "मॅडम, नदीला पूर आला की पुलाच्या खांबाच्या मागं भोवरे सुटतात. एकदा ह्या अंगाला, एकदा त्या अंगाला. वारा बी तारेच्या मागं तसेच सोडत असंल का? एकामागं एक, लई भराभरा?" मग घाबरून म्हणाली, "म्हंजी... गाणारे ते असतील. मागचे."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खुर्चीकडे बघितलं. त्या एका शब्दासाठी मी नकळत वाट बघत उभी राहिले होते, आणि तो शब्द आता तिथून येणार नव्हता.

"हौदु!" मी म्हटलं.